मोरघारीची अठाई

आमच्या घरी पर्युषण आलं की ते आधी स्वयंपाकघरातून कळायचं. हिरवी भाजी बंद व्हायची, कोथिंबिरीची काडीसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. मग पापडाची भाजी, मुगाच्या मंगोड्या, बेसनाचे गट्टे, वाळवलेल्या काचऱ्या असं सगळं कोरडं, पिवळं-तपकिरी ताटात यायचं आणि दिवस मावळायच्या आत संपवायचं असायचं. चुलीवर दिवसभर पाण्याचं पातेलं उकळत असे, कारण त्या दिवसांत कच्चं पाणी कुणी पीत नसे. ओली लाकडं धुपायची, सातपुड्याकडून आलेला पाऊस दुकानाच्या पत्र्यावर वाजत राहायचा, आणि ओसरीवर बाई, म्हणजे माझी आई, भिंतीला टेकून माळ ओढत बसलेली असायची. बाई दरवर्षी अठाई करायची. अठाई म्हणजे पर्युषणाचे आठही दिवस अन्नाचा कण न घेता केवळ उकळून गार केलेल्या पाण्यावर राहायचं. दिवस जातील तसा तिचा आवाज बारीक होई, ओठ सुकून त्यांना साल येई, पण चेहऱ्यावर असं काही तेज चढे की शेजारच्या बायका तिच्या पाया पडायला येत. माणसाच्या हातून याहून मोठं काही होत नसेल असं मला तेव्हा वाटायचं. बाईच्या उपासाबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या एका उपासाबद्दल. त्याची गोष्ट आमच्या घराण्यात तीन पिढ्या सांगितली जाते आहे, आणि ती खोटी आहे.

आमचं दुकान तळोद्याच्या बाजारपेठेत होतं. मीठ, गूळ, कापड आम्ही विकायचो आणि डोंगरातून उतरणाऱ्या लोकांकडून मोह, चारोळी, डिंक घ्यायचो. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून बैलगाड्यांच्या घुंगरांचा आणि भिलोरी, पावरी, अहिराणी बोलण्याचा असा कल्ला चाले की घरातलं मारवाडी बोलणं त्यात बुडून जाई. (घरात आम्ही मारवाडी बोलायचो. इथे ते मराठीत लिहितो आहे.) बापूजी, माझे वडील, कमी बोलणारे. दुकानात चढ्या आवाजात बोललेलं त्यांना खपत नसे. गावाबाहेर नाल्याच्या काठी एक पांजरापोळ होता. म्हातारे बैल, लंगड्या गाई, कुणी खाटकाच्या हातून सोडवलेली बकरी, असल्या जनावरांचा तो आसरा. त्याची व्यवस्था बापूजी बघत. त्याची किल्ली आमच्या ओसरीच्या खुंटीला असे, आणि मी मिसरूड फुटण्याच्या वयाला आलो तेव्हा ती माझ्या कंबरेला आली. माझं नाव सुवालाल, पण सगळे सुवा म्हणत. किल्ली कंबरेला आल्यावर मी जरा ताठ चालायला लागलो होतो, एवढं आठवतं.

पांजरापोळात शिकारी पक्षी आले ते पाठक मास्तरांमुळे. मास्तर नाशिककडून आमच्या शाळेत शास्त्र शिकवायला आले होते. लांब सडपातळ माणूस, धोतराचा सोगा कायम चिखलाने भरलेला. मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवून त्यांचं समाधान होत नसे. एकदा ते पंख मोडलेला शिक्रा टोपीत घालून थेट दुकानात आले आणि बापूजींना म्हणाले, "शेठजी, याला जागा द्या."

बापूजींनी टोपीत डोकावून पाहिलं. "मास्तर, हा तर मारणारा जीव."

"म्हातारा बैल तुम्हाला चालतो. मग मोडक्या पंखाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"बैल कडबा खातो. हा तुमचा पाहुणा काय खातो?"

"त्याला जे खायला दिलंय ते."

"कुणी दिलंय?"

"ते तुम्ही तुमच्या शास्त्रात बघा शेठजी. मी दिलेलं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे."

दुकानात तापीकाठच्या प्रकाशा गावचे एक गुजर शेतकरी गूळ बघत बसले होते. ते हसून म्हणाले, "शेठ, आते एक वाघ बी लई या, अन् त्याले बाजरीनी भाकर शिकाडा!" सगळे हसले. बापूजीही हसले, आणि हसता हसताच त्यांनी होकार दिला.

पांजरापोळाच्या मागच्या बाजूला बांबूच्या ताट्यांनी एक मोठं दालन तयार झालं. शनिवारी दुपारी मास्तर आम्हा मुलांना तिथे नेत आणि आधी नुसतं गप्प बसवत. "तोंड बंद, डोळे उघडे," म्हणत. मग वहीत चोच काढा, नखं काढा, डोळ्याचा रंग लिहा. आढ्यात एक गव्हाणी घुबडही राहायला आलं होतं. त्याला कुणी आणलं नव्हतं. आपल्या मनाने यायचं, कडब्यातले उंदीर धरायचं आणि सकाळी हाडं-केसांची करडी गोळी तोंडातून खाली टाकायचं. त्या गोळ्या पाण्यात भिजवून फोडायचा आमचा एक तास असे. माझ्या काडीखाली एकदा उंदराची कवटी निघाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या दातांची. बाकीची मुलं ती बघायला माझ्या अंगावर पडली. मी घरी गेलो तर बाईने मला न्हाणीत उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं आणि विचारलं, "आज कुठल्या जिवाला शिवून आलास?" मी सांगितलं. ती रागावली नाही. "बिचारा," एवढंच म्हणाली. ती उंदराला म्हणाली की मला, ते मला कळलं नाही.

मोरघार आली ती त्याच गुजर शेतकऱ्याच्या गाडीतून. ज्वारीची राखण करताना त्यांच्या गोफणीचा दगड तिच्या पंखाला बसला होता. कोंबड्या नेते म्हणून मारायलाच गेले होते. पण पाटीखाली झाकून घेऊन आले आणि मास्तरांना म्हणाले, "आडवी पडेल व्हती, तरी मन्हाकडे अशी देखे, जशी मीच तिन्हा शेतमा घुसेल शे!" ती खरंच तशी बघायची. डोक्यावर काळा तुरा, पिवळे डोळे, पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं. मास्तरांनी पंख बांधला आणि तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. शिक्रा बरा होऊन उडून गेला. मोरघारीचा पंख मात्र वाकडाच सांधला गेला. ती फांदीवरून फांदीवर उडी मारी, पण उडू शकत नसे. म्हणजे जे तिच्यापुढे ठेवलं जाई त्यावरच तिचं सगळं होतं. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तिच्यापुढे ठेवायचं काम गुलाब्याकडे होतं. गुलाब्या पांजरापोळात शेण काढायला आणि चारा टाकायला येणारा भिल गडी. बापूजींच्याच वयाचा, पण मी त्याला अरे-तुरे करी आणि तो मला भाऊ म्हणे. आमच्याकडे तशीच रीत होती. शेतातले उंदीर तो नाल्याच्या पलीकडे धरायचा, तिकडेच मारायचा आणि पळसाच्या पानांची पुडी बांधून आणायचा. मी कुलूप काढून तोंड फिरवून उभा राही, तो आत जाऊन पुडी सोडी. ताटीला एक आडोसा लावला होता, तो बापूजींसाठी. बापूजी रोज बैलांच्या अंगावरून हात फिरवायला येत, पण आडोशापलीकडे कधी गेले नाहीत. त्यांनी ते असं मिटवलं होतं.

त्या वर्षी पर्युषण जवळ आलं तेव्हा मास्तर दुकानात आले. त्यांची आई आजारी होती. गणपतीला अवकाश असला तरी ते आधीच निघणार होते. ते म्हणाले, "शेठजी, तुमच्या त्या आठ दिवसांत बाईसाहेबांच्या जेवणाचं..."

बापूजींनी हात वर केला. "मास्तर, मला विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

मास्तर हसले, नमस्कार केला आणि गेले. मी मिठाच्या गोण्यांजवळ उभा होतो. बापूजी काय म्हणाले आणि त्याचा अर्थ काय होता, ते मला मास्तरांइतकंच समजलं होतं. पांजरापोळात जे रोज चालतं ते चालू राहील आणि बापूजी पाहणार नाहीत, हा तो अर्थ. या जागी मी कितीतरी वेळा स्वतःला पळवाट शोधून पाहिली आहे, की मी लहान होतो, मला उलटं समजलं. मला उलटं समजलं नव्हतं.

मग मी ते का केलं? स्थानकात, म्हणजे आमचे साधू उतरतात त्या धर्मस्थळी, त्या चातुर्मासात एक वृद्ध मुनी होते. फार गोड बोलायचे. पर्युषणाच्या पहिल्या सकाळी त्यांनी सांगितलं की पाप तीन दारांनी येतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होणाऱ्याला संमती देणं. आपली नित्याची शिकवण, लहानपणापासून ऐकलेली. पण तेव्हा माझी बोटं कंबरेच्या किल्लीवर होती. दार मीच उघडतो. पुडीतला प्रत्येक उंदीर माझ्या हाताखालून आत जातो. तिकडे बाई उपाशी बसून पुण्य जोडणार आणि इकडे मी रोज सकाळी तिच्याच घराच्या किल्लीने हिंसेला वाट देणार. मुनींनी कुणाला उपाशी ठेवायला सांगितलं नव्हतं. समोर मोरघार आणून विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं, मला पवित्र व्हायचं होतं.

गुलाब्या पुडी घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "पर्युषण संपेपर्यंत बंद. बापूजींनी सांगितलंय."

"शेठनी सांगं?" त्याने पुडी या हातातून त्या हातात घेतली. "मंग ती काय खाई?"

"मी बघतो."

"तू काय देशी भाऊ? लाडू?" तो हसला. मी हसलो नाही, तसा तो नाल्याकडे निघून गेला.

मी तिच्यापुढे दुधात कुस्करलेली पोळी ठेवली. तिने एका पायाने वाटी उपडी केली. दुसऱ्या दिवशी तूप घातलेली लापशी नेली, कोमट, बाईने कुणा लहान मुलाला दिली असती तशी. लापशीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं. मी घाबरलो आणि घरी येऊन बाईला सांगितलं की मोरघार काहीच खात नाही. त्या क्षणी मला वाटत होतं की बाई म्हणेल, अरे वेड्या, जा, गुलाब्याला बोलाव. पण पुडी मी बंद केली आहे, हे बाईला ठाऊकच नव्हतं. उपासाने खोल गेलेल्या डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "तिनेही पचखाण घेतलं रे! कुठल्या जन्माचा जीव आहे कोण जाणे." पचखाण म्हणजे न खाण्याची शपथ. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने स्थानकात. दुपारी पावसाची उघडीप झाली तशा बायका डोक्यावर पदर घेऊन पांजरापोळात आल्या.

त्यानंतर रोज लोक यायला लागले. मोरघार पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून बसलेली असे. पावसात भिजलेला उपाशी पक्षी तसाच बसतो, हे मास्तरांनी आम्हाला शिकवलं होतं. लोक म्हणाले, ध्यान लागलंय. वाटीत मी उकळून गार केलेलं पाणी ओतत होतो, आणि ते पाहून एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात मला तेवढा मान तोवर कुणी दिला नव्हता. मला तो आवडला. एकदा बापूजी आले. पहिल्यांदाच आडोसा ओलांडून आत आले आणि खूप वेळ तिच्यासमोर उभे राहिले. परत जाताना हळूच म्हणाले, "गुलाब्या येतो ना?"

"येतो," मी म्हणालो.

तो येतच होता. बापूजींनी मान हलवली. त्यांना तेवढंच विचारता येत होतं आणि त्यांनी ते विचारलं. गुलाब्या येतो म्हणजे दार उघडतं, दार उघडतं म्हणजे पुडी आत जाते, आणि तरीही ती खात नाही. त्यांचा चेहरा मऊ झाला. मी तो बघितला आणि गप्प राहिलो.

गुलाब्या खरंच रोज सकाळी शेण काढायला येई आणि ताटीतून आत बघे. शेवटाशेवटाला एकदा त्याने पाटी खाली ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"भाऊ, दार उघाड. तिनं पोट पाठीले लागेल शे."

"लोक म्हणतात, ती उपास करते आहे."

"उपास?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तिले कोणी ईचारं? तू ईचारं का?"

"बापूजींनी नको म्हणून सांगितलंय, म्हटलं ना."

"मंग मी ईचारू का शेठले? तठे स्थानकना बाहेर उभा ऱ्हाई जासू."

"विचारलंस तर नाहीच म्हणतील."

हे वाक्य मी बापूजींच्याच तोंडून उचललं होतं आणि ते खरं होतं. म्हणून ते म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. गुलाब्याने थोडा वेळ दाराच्या कुलपाकडे बघितलं. ते बांबूचं दार त्याच्या एका लाथेत गेलं असतं. पण कुलूप शेठचं होतं आणि हुकूमही शेठचा होता, असं त्याला वाटत होतं. जाताना त्याने पळसाची पुडी दाराशेजारच्या खांबाला टांगली. "आठे टांगेल शे," एवढं म्हणाला. दुसऱ्या दिवशी जुनी काढून ताजी टांगली.

संवत्सरीच्या सकाळी, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता मी पांजरापोळात गेलो. घरात सगळे लवकर उठले होते. बाईचं पारणं, म्हणजे उपास सोडणं, दुसऱ्या दिवशी होतं, आणि तिच्यासाठी मुगाचं पाणी आणि राब, म्हणजे पातळ पेज, कशी करायची याची बोलणी चालली होती. ती राब ऐकूनच मला उठवेना आणि बसवेना. मी गेलो तेव्हा मोरघार फांदीवर नव्हती. खाली कोपऱ्यात पंख पसरून बसली होती. मी खांबाची पुडी सोडवली. पान ओलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मांसाला हात लावला, आणि मला जशी किळस येईल असं वाटलं होतं तशी आली नाही. मी ते तिच्या चोचीशी नेलं. तिने मान पुढे केली. हे मी शपथेवर सांगतो, तिने मान पुढे केली. चोच उघडली, पण धरता आलं नाही. मी पुन्हा पुढे केलं. मग तिची मान माझ्या मनगटावर आली आणि तिथेच राहिली. अंगात वजन असं नव्हतंच, नुसती पिसं.

बाहेर बायकांचा आवाज आला. मी उठून उभा राहिलो. त्या आत आल्या तेव्हा मोरघार मेलेली होती आणि तिच्यासमोर उघड्या पळसाच्या पानावर मांस होतं. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी म्हणालं, "समोर वाढलेलं असून तोंड लावलं नाही गं!" बाईला दोघींनी धरून आणलं होतं. तिने मला विचारलं, "सुवा, तू इथेच होतास?"

"हो."

"तिने खाल्लं नाही?"

"नाही."

बाईने हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी क्षमापना. आमच्यात त्या दिवशी माणूस लहान-मोठं न बघता वर्षभराच्या अपराधांची माफी मागतो. गुलाब्या दुकानासमोरून चालला होता. बापूजी पायरी उतरून त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "गुलाब्या, कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुवा, तूही." मी पायरीवरून हात जोडले आणि म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्." गुलाब्या लाजून मागे सरकला. "ऱ्हाऊ द्या शेठ, मी कसाले रागावू?" आणि मग मला हळूच म्हणाला, "भाऊ, पुडी..." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी आत पळालो.

मास्तर परत आले तोपर्यंत मोरघारीला चंदनाचा तुकडा ठेवून पुरलं होतं. त्यांनी दालन उघडायला लावलं. जमिनीवर उकिडवे बसून ते कोपरान् कोपरा हाताने चाचपत होते. पक्ष्याने खाल्लं की हाडं-केसांची गोळी पडते. तिथे एकही ताजी गोळी नव्हती. उठले, हात धुतले नाहीत, तसेच दुकानात आले. गुलाब्याला बोलावणं गेलं.

"गुलाब्या, तिला खायला का घातलं नाहीस?"

"शेठनी ना सांगं व्हतं, मास्तर."

बापूजी गादीवरून उठले. "मी? मी कधी सांगितलं?"

"तुम्हना पोऱ्यानी सांगं. शेठनी सांगं शे, म्हने."

दुकानात माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बापूजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या उत्तरावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. मास्तर म्हणाले, "सुवालाल, काय झालं ते सांग."

मी म्हणालो, "मी असं काही बोललो नाही. पुडी तिच्यासमोर होती. सगळ्यांनी बघितली. तिनेच खाल्लं नाही."

गुलाब्या माझ्याकडे बघत होता. त्याने आरडाओरडा केला नाही, शपथ घेतली नाही. बापूजी त्याला समजावणीच्या सुरात म्हणाले, "चूक झाली असेल तर झाली. पण पोरावर कशाला ढकलतोस?" गुलाब्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला, पायरी उतरला आणि चालू लागला. मास्तर मला एवढंच म्हणाले, "ठीक आहे." त्यानंतर वर्गात त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. दिवाळीनंतर ते दुसऱ्या गावच्या शाळेत निघून गेले आणि त्या दालनात कडबा भरला गेला.

गुलाब्या पांजरापोळात पुन्हा आला नाही. बाजाराला येई, पण आमच्या दुकानाची पायरी चढत नसे. कुणीतरी टवाळ त्याला हाक मारी, "गुलाब्या, आज शेठनी काय सांगं?" आणि बाजार हसे. ती थट्टा त्याच्या मागे लागली ती लागलीच. माझ्या लग्नानंतर एकदा प्रकाश्याला तापीच्या काठी मी त्याला भेटलो. मी बायकोला घेऊन दर्शनाला आलो होतो, तो कुणाच्या तरी केळीच्या बागेत कामाला होता. केस पांढरे झाले होते. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत माझे वाभाडे काढणार. तो जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, एक ईचारू? तू तठे व्हता. लोक म्हनतस तिनी तोंड लावं नई. खरं शे का? तिनी खादं का नई?"

इतकी वर्षं त्याने स्वतःच्या अब्रूचं काही मनात धरलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण विचारलं त्याने हे. खरं सांगायला गेलो तर तिने मान पुढे केली, हेही सांगावं लागणार होतं, आणि मग एक दिवस आधी दार उघडलं असतं तर काय झालं असतं, हेही. बायको शेजारी उभी होती.

"खाल्लं," मी म्हणालो. "थोडं खाल्लं."

त्याचा चेहरा सैल झाला. "मंग भलं," म्हणाला आणि बागेकडे परत गेला. तो मला पुन्हा दिसला नाही. आज लिहिताना त्याचा उल्लेख गुलाबदादा असा करावा असं फार वाटलं. पण तोंडावर कधी म्हटलं नाही, ते कागदावर म्हणून काय उपयोग!

मोरघारीला जिथे पुरलं तिथे समाजाने पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा बांधला. बाई जिवंत असेपर्यंत रोज तिथे ज्वारी टाकायची. बापूजींना मात्र मी तिथे दाणा टाकताना कधी पाहिलं नाही. ते त्या बाजूने जाताना मान खाली घालत. त्यांना काय कळलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याने खूप काही चालत आलं. आता पांजरापोळाच्या समोरून डांबरी रस्ता गेला आहे, डोंगराकडे जाणाऱ्या जीपा त्यावरून माणसं लोंबकळवत जातात, आणि पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. चबुतरा तसाच आहे. दर संवत्सरीला मला खुर्चीवर बसवून तिथे नेतात, कारण ती अठाई डोळ्यांनी पाहिलेला मीच एकटा उरलो आहे. पणतवंडं विचारतात, "पणजोबा, तिने खरंच तोंड लावलं नाही?" आणि माझा मुलगा माझ्या वतीने उत्तर देतो.

मागच्या वेळी सगळे गाड्यांकडे गेले आणि मी खुर्चीवर तसाच राहिलो. दिवस कलला होता. चबुतऱ्यावरच्या दाण्यांना उंदीर लागले. नेहमीच लागतात. मग पांजरापोळाच्या जुन्या आढ्यातून एक पांढरं घुबड आवाज न करता उतरलं, उंदीर उचलला आणि गेलं. कुठल्यातरी पुढच्या पिढीतलं असेल. कुणाला विचारून आलं नव्हतं आणि कुणी त्याला अडवलंही नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं.

माझ्या माघारी हे घरात मोठ्याने वाचावं. गुलाब खोटं बोलला नव्हता. बापूजींनी नाही म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं. आणि मोरघारीने अठाई केली नाही. तिला भूक लागली होती.